उकंडाजींची जांगड बंदूक

बंदुकीचं वय तिच्या तोंडात बोट घालून सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, राळेगावचे आमचे उकंडाजी. नळीच्या टोकात करंगळी घालायची, डोळे मिटून ती आत फिरवायची, बोट धोतराला पुसायचं आणि निकाल द्यायचा, "आदत हाय." म्हणजे अजून दुधाचे दात पडलेले नाहीत. एखादी बंदूक दोन दाती निघे, एखादी पार जुळलेली, म्हणजे सगळे दात येऊन वयात उतरलेली. जुळलेल्या बंदुकीकडे मग ते ढुंकूनही पाहत नसत.

त्यांना तरी दोष कसा द्यायचा? माणसानं जन्मभर बैल पारखले होते. तालुक्यात कुणाला जोडी घ्यायची झाली की आधी उकंडाजींना बाजारात न्यायचं, चहा पाजायचा आणि ते म्हणतील तसं करायचं. ते बैलाभोवती फिरत, खांद्यावर हात ठेवत, खूर पाहत, जबडा उघडत आणि सावकाश म्हणत, "जनावर चांगलं हाय, पन..." त्या 'पन'नंतर ते तंबाखू मळायला घेत. ती मळून, झटकून, गालात बसेपर्यंत पुढचं वाक्य येत नसे आणि तोवर बैल विकणारा घामाघूम झालेला असे.

हेच वाक्य त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावलं होतं. यष्टीची नवी गाडी सुरू झाली, अर्धं गाव नारळ फोडायला जमलं, तर हे म्हणाले, "जनावर चांगलं हाय, पन चढावर खांदा टाकते." माझं लग्न ठरत होतं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी त्यांच्याकडे माझी चौकशी केली. तिथंही सुरुवात हीच झाली म्हणे. 'पन'च्या पुढं काय झालं ते सासरे शेवटपर्यंत मला बोलले नाहीत. बायकोला सांगितलं असावं, कारण आमचं भांडण झालं की ती नुसतं "पन..." म्हणते आणि आत निघून जाते.

महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझं यष्टी स्टँडसमोर सायकलचं दुकान होतं. भाड्याच्या सायकली, पंक्चर, हवा, एवढाच पसारा. दुकानापुढं एक बाकडं होतं आणि संध्याकाळी ते उकंडाजींच्या मालकीचं असे. शेजारी महादेवजींचं हॉटेल, म्हणजे एक भट्टी, एक कढई आणि स्वतः महादेवजी. पोळा होऊन गेला होता. उकंडाजी बाकड्यावर टेकता टेकता म्हणाले, "वामन, मले बंदूक घ्याची हाय. हवेची. छर्ऱ्याची."

महादेवजींचा झारा कढईतच राहिला. "कोनाले मारता बाप्पा या वयात?"

"राघूले. ज्वारी हुरड्यात येऊन राह्यली. एक कनीस ठेवत नाहीत लेकाचे."

राघूंचं खरं होतं. पण गेल्या सालापर्यंत त्यांच्या वावरात राघू उतरायची हिंमत करत नसत, कारण राखणीच्या माळ्यावर वच्छला असे. वच्छला म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. आई लहानपणीच गेली, पोर बापाच्या मागं वावरातच वाढली. तिच्यासारखी गोफण फिरवणारं माणूस मी पाहिलं नाही. गोफणीतला दगड सुटायच्या आधी तिची हाळी सुटायची आणि त्या हाळीनंच थवा उठून शेजारच्याच्या वावरात जायचा. शेजारी रोज भांडायला यायचा. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, पांढरकवड्याला दिली. जावई जिनिंगमध्ये कामाला, घर बरं, माणसं बरी. माळा मात्र रिकामा पडला. घरही. उकंडाजी हल्ली माझ्या बाकड्यावरून लवकर उठत नसत, ते मी पाहत होतो.

बरं, लेकीला भेटायला जावं म्हटलं तर तेही सोपं नाही. आमच्याकडं रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. पाणी घ्यायचं नाही म्हटल्यावर तिथं बसायचं किती? आणि काम नसताना जाऊन दारात उभं राहिलं तर व्याही काय म्हणतील? सणाला तिला आणावं, तर तिची सासू कुठल्या ना कुठल्या कारणानं 'पुढच्या सणाले पाठवतो' म्हणे. उकंडाजी याबद्दल अक्षर बोलत नसत. ते बंदुकीबद्दल बोलत.

मी म्हटलं, "चला यवतमाळले. मोठं दुकान हाय. काचेच्या कपाटात बंदुका टांगल्या हायेत. हवी ते काढून पाहा."

"यवतमाळची नोको," ते म्हणाले. "शयरात वाढलेलं जनावर. वावर मानवत नाही त्याले. पांढरकवड्याकडची बंदूक जंगलकाठची असते. काटक."

मी स्क्रू-बोल्टचा माणूस. पाना लावल्याशिवाय मला काही उलगडत नाही. मी म्हटलं, बंदुका काय जंगलात उगवतात? पण महादेवजींना ते एकदम पटलं. जंगलकाठच्या बंदुकीनं राघूच काय, तितरसुद्धा पडतील, असं ते म्हणाले आणि त्याच संध्याकाळी त्यांनी तितराच्या रश्शाचा मसाला वाटून बरणीत भरून ठेवला.

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला कादरसेठचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, साखळ्या, ट्रकवाल्यांचे दोर, बॅटऱ्या आणि मागच्या भिंतीवर तीन-चार हवेच्या बंदुका. पहिल्या दिवशी काय झालं ते कादरसेठनं मला पुढं स्वतः सांगितलं. बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर शेला टाकतात आणि आत बोटं दाबून भाव सांगतात, म्हणजे भोवतीच्या गर्दीला कळत नाही. उकंडाजींनी बंदुकीच्या तोंडात बोट घातलं, दस्त्याच्या खांद्यावरून हात फिरवला, जनावर चांगलं हाय म्हणाले आणि शेला काढून कादरसेठच्या हातावर टाकला. आत त्याची बोटं धरली. भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर. कादरसेठ हात सोडवून घेत म्हणाला, "चाचा, ये क्या कर रहे हो? मेरे बाल-बच्चे हैं." उकंडाजींना वाटलं, सेठला भाव मान्य नाही. त्यांनी दुसरं बोट धरलं.

अखेर बंदूक जांगड मिळाली. जांगड म्हणजे पसंतीवर न्यायची, पटली तर ठेवायची, नाही तर पुढच्या बाजाराच्या दिवशी परत. बैल असाच तर आणतात.

ती पहिली बंदूक यष्टीतून उतरली तो दिवस मला अजून आठवतो. कंडक्टरनं ती दोन्ही हातांवर धरून खाली दिली. माझ्या दुकानापुढं ही गर्दी. महादेवजींनी भट्टी तशीच सोडली. मी भिंतीवर खडूनं गोल काढला. नळी मोडायची, छर्रा भरायचा, नळी सरळ करायची, नेम धरायचा. नळीच्या टोकावरच्या नेमाच्या माशीवर डोळा लावताना माणसं श्वास धरत आणि सुटल्यावर सगळे एकदम बोलत. माझा छर्रा गोलाच्या आत लागला. महादेवजींचा माझ्याच टांगलेल्या ट्यूबमध्ये लागला. मी तिचे पैसेही मागितले नाहीत, कारण मीसुद्धा त्या दिवशी कामाच्या शुद्धीत नव्हतो. पाना हातात घेऊन तीन माणसांना मी नेम कसा धरायचा ते शिकवत होतो.

उकंडाजी एका बाजूला उभे राहून पाहत होते. पुढच्या बाजाराच्या दिवशी ते बंदूक खांद्यावर टाकून वडकीला गाडी बदलून पांढरकवड्याला गेले आणि संध्याकाळी दुसरी घेऊन आले.

"पहिलीले काय झालं?" मी विचारलं.

"जनावर चांगलं होतं," ते म्हणाले आणि तंबाखू मळू लागले. आम्ही थांबलो. "पन घोडा जड होता. बोट दुखते."

दुसरीची माशी वाकडी निघाली. तिसरीचा दस्ता गालाला लागत होता. चौथी चांगली होती पण तिला आवाज नव्हता. "आवाज नसलेलं जनावर वावरात काय कामाचं? राघूले समजाले पाह्यजे, कोनी तरी हाय म्हणून." मग कादरसेठच्या भिंतीवरच्या बंदुका संपल्या, तर पुढच्या फेरीला पहिलीच पुन्हा आली. मी तिला ओळखलं, दस्त्यावर महादेवजींच्या तेलाच्या बोटांचा डाग होता. तिचा घोडा आता जड राहिला नव्हता. आता ती पार ढिली झाली होती म्हणे.

सगळ्यात चीड कशाची येत होती सांगू? इतक्या बंदुका आल्या आणि गेल्या, त्यांतून एकही राघू पडला नाही. बंदूक घेऊन वावरात जायला उकंडाजींना सवडच कुठं होती? ते एक तर पांढरकवड्याला निघालेले असायचे, नाही तर पांढरकवड्याहून आलेले. तिकडे राघूंचा थवाच्या थवा ज्वारीत बसलेला. कणसं अर्धी पोकळ झाली. शेजारी भांडायला यायचा थांबला, कारण आता सगळे राघू इकडेच होते. माझा संताप झाला. वर्षाची ज्वारी जायची वेळ आली आणि हा माणूस बंदुकीचे दात मोजतो आहे. मी म्हटलं, "या बाजाराले मी येतो. वायसर-स्प्रिंग मले समजते. एक पक्की बंदूक घेऊ आन् हे प्रकरण मिटवू."

उकंडाजी गडबडले. "तुले दुकान हाय."

"बंद ठेवतो."

गेलो. कादरसेठच्या दुकानात मी एकेक बंदूक खाली उतरवली. नळी मोडून पाहिली, स्प्रिंगचा ताण पाहिला, आतला चामड्याचा वायसर तपासला. सायकलच्या पंपात असतो तसाच असतो, त्यात मला कुणी फसवू शकत नाही. एक बंदूक अगदी नामी निघाली. मागच्या अंगणात मी तीनदा नेम धरला, तीनदा बरोबर लागला. मी म्हटलं, "झालं. हीच. बांधून द्या."

"चाखून पाह्याले पाह्यजे," उकंडाजी म्हणाले आणि बंदूक खांद्यावर टाकून चालू लागले. मला वाटलं, गावाबाहेर माळावर निघाले. ते बाजारातून, भाजीवाल्यांच्या मधून, जिनिंगच्या भिंतीला लागून एका बोळात शिरले आणि एका दारापुढं उभे राहून खाकरले.

दार वच्छलाच्या सासूनं उघडलं. भरल्या अंगाची, कपाळावर मोठं कुंकू, आवाज खणखणीत. "या इवाई. आनली का बंदूक?" असं म्हणाली, जसं रोज दूधवाल्याला म्हणावं.

आम्हाला ओसरीत चटई टाकली. तांब्याभर पाणी आलं. ऊन रणरणत होतं, मी घटाघट प्यायलो. उकंडाजींनी तांब्याला नुसता हात लावला आणि तो बाजूला सरकवला. त्यांचे ओठ कोरडे पडले होते.

"बाई," त्यांनी आत लेकीला हाक मारली, "हे पाय बरं जरा. तुले नेमाचं समजते."

वच्छला पदर डोक्यावर घेत, हात पुसत बाहेर आली. सासर तिला मानवलेलं दिसत होतं. तिनं बापाकडे पाहिलं नाही, बंदुकीकडेच पाहिलं. नळी मोडली, छर्रा भरला, परसदारी गेली. तिथं कडुलिंबावर दोडक्याचा वेल चढला होता आणि उंचावर एक वाळलेलं दोडकं लोंबत होतं. तिनं बंदूक खांद्याला लावली. फट् झालं. दोडक्याचा देठ तुटला आणि दोडकं खाली पडलं.

देठ, बरं का. दोडकं नाही. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो.

वच्छलानं बंदूक खाली केली, थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाली, "बाबा, हे बंदूक बराबर नाही. नेम डाव्या अंगाले ओढते."

"मले वाटलंच," उकंडाजी म्हणाले.

मी म्हटलं, "काय सांगता? आत्ता तर..." आणि तेवढ्यात वच्छलानं माझ्याकडे पाहिलं. एवढंच. जड घोडा, वाकडी माशी, गालाला लागणारा दस्ता, नसलेला आवाज, सगळं एकदम माझ्या डोक्यात जागच्या जागी बसलं. उकंडाजी बंदुकीत खोड काढतच नव्हते. ते बिचारे प्रत्येक वेळी पसंत करूनच आणत होते. खोड काढत होती ती वच्छला, बाजाराच्या दिवशी याच परसात, म्हणजे बापाला पुढच्या बाजारी पुन्हा यावं लागेल.

सासूनं दोडकं उचललं, कानाशी नेऊन हलवलं. आत बिया खुळखुळल्या. "बियान्याले ठेवलं होतं मी," ती कुरकुरली. मग माझ्याकडे वळली. "तुमी सायकलवाले ना भाऊ? तुमाले काय वाटते बंदुकीचं?"

मी दुकानामागच्या अंगणात तीनदा नेम धरला होता ते आठवलं. माझ्या धंद्याची शपथ घ्यायची वेळ होती. मी गंभीर चेहरा करून नळीत पाहिलं, दस्ता ठोकला आणि म्हणालो, "वायसर गेला हाय. हे चालनार नाही."

"मंग काय तं," सासू म्हणाली, तुटका देठ निरखत. "अशी खराब बंदूक कायले ठेवा? पुढच्या बाजारी दुसरी घेऊन या इवाई." आणि दोडकं पदराखाली घेऊन ती आत गेली. लेक नि बाप परसात कडुलिंबाखाली बोलत उभे राहिले. मी ओसरीत बसून त्यांचं बोलणं ऐकलं नाही, पण हसणं ऐकलं.

बंदूक कादरसेठला परत करून निघालो, तर परतीच्या गाडीत उकंडाजी सारखे बोलत होते. "पोरीचा हात पाह्यला का? देठ तोडला देठ." राळेगाव येईपर्यंत त्यांनी तो देठ मला कितीदा तरी तोडून दाखवला. मलाही चेव आला. स्टँडवर उतरल्या उतरल्या महादेवजींनी विचारलं, "काहून? रिकामे आले?" तेव्हा मीच बाकड्यावर उभा राहून सांगितलं की वायसर गेलेला होता, लबाडी माझ्या लक्षात आली, पुढच्या बाजारी पुन्हा जावं लागणार.

ज्वारी निघाली. राघूंनी सोडलं तेवढी घरात आली. बंदुकीचं काम संपलं म्हणावं, तर उकंडाजींच्या कोठ्यात घुशी झाल्या. घुशी आटोपल्या तर छपरावर खारी. खारीसाठी म्हणे निराळी बंदूक लागते, हलक्या अंगाची. महादेवजींच्या बरणीतल्या मसाल्याचा वास उडून गेला, त्यांनी तो भज्यांत वापरून टाकला.

मग वच्छलाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण उकंडाजींच्या घरात बाईमाणूस नाही, करणार कोण? सासूनं सांगितलं, इथंच होईल. त्या दिवशी उकंडाजी बाकड्यावर नुसते बसून राहिले. मी त्यांच्यासाठी चहा मागवला, तो निवला. वर अशा दिवसांत बंदूक दारात आणू नये, असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. फेऱ्या बंद झाल्या. पाऊस सुरू झाला, संपत आला, ज्वारी पुन्हा पोटरीत आली.

एका सकाळी पांढरकवड्याच्या गाडीचा ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडला, "उकंडाजीले सांगा, नातू झाला."

मला सांगायला जावं लागलं नाही. ते बाकड्यावरच होते. उठले, पायात वहाण नव्हती, तसेच गाडीत चढले. मी वहाणा घेऊन मागं धावलो आणि मीही चढलो. दुकान उघडंच राहिलं.

हायवेवर उतरलो. कादरसेठनं लांबूनच ओळखलं. "आओ चाचा, नई बंदूक आयी है. एकदम बढ़िया. आवाजवाली."

"राहू दे," उकंडाजी न थांबता म्हणाले, "मले काम हाय."

बोळ, दार. ते खाकरले नाहीत, सरळ आत गेले. सासूनं सवयीनं पाण्याचा तांब्या आणून चटईजवळ ठेवला आणि बाळ आणून त्यांच्या मांडीवर दिलं. वच्छला दाराशी भिंतीला टेकून उभी राहिली. उकंडाजींनी नातवाला पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खांदा चाचपला, तळपाय हातात घेतला. मग करंगळी पुढं केली.

"हात धुवा आधी," सासू म्हणाली.

त्यांनी तांब्यातलं पाणी बोटावर घेतलं आणि करंगळी हळूच बाळाच्या तोंडात दिली. बाळ ती चोखू लागलं. उकंडाजींनी डोळे मिटले.

"आदत हाय," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "जनावर चांगलं हाय."

आम्ही तिघंही 'पन'ची वाट पाहत उभे राहिलो. वच्छला तर श्वास धरून. उकंडाजींनी तंबाखूची पिशवी काढली नाही. त्यांनी तांब्या उचलला, वर केला आणि लेकीच्या घरचं उरलेलं पाणी, सदऱ्यावर सांडत, ते शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग तांब्या तिच्यापुढं धरून म्हणाले, "आनखी आन."